अर्थिंग

आमच्या विहिरीवर ५ हॉर्सपॉवरची मोटर होती. उन्हाळ्यात अण्णा रोज सकाळी मोटरीजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. मीठ-कोळसा घालून बुजवलेला खड्डा तो. पिकाला पाणी पुरत नाही नि ही बादली मातीत कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "आरं, वाट चुकलेल्या करंटला घरी जायाला रस्ता नगं का?"

मी १२ वर्षांचा असेन. स्टार्टरपासून मोटरीला जाणारी वायर उंदरानं कुरतडली. अण्णा बाजाराला गेलेले. लाईट जाण्याआधी भिजवण उरकायचं होतं. मी फ्यूज काढले, तुटलेली टोकं पिळली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मोटर चालू झाली. मला कोण आनंद! आठ दिवसांनी पाट फुटला, तिथं चिखल झाला आणि आमचा सोन्या बैल त्यात पाय देताच खाली बसला. तो उठलाच नाही. जनावराच्या पुढच्या नि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ओल्या मातीतला करंट त्याला आधी धरतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

अण्णांनी तो जोड हातात धरला. "कुनी केलंय ह्ये?" एकदाच विचारलं. मी गप्प. दोष गड्यावर गेला. दिवाळीनंतर तो आमच्याकडं कामाला आला नाही.

पुढं मी इलेक्ट्रिकल शिकलो आणि नोकरीच्या निमित्तानं अमेरिकेत, आयोवाच्या मक्याच्या मुलखात येऊन पडलो. शेजारी सत्तरीतला शेतकरी. त्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी दोन माणसांचं विमान उभं राहत होतं. घरी विमान बांधायला तिथला कायदा परवानगी देतो. मुख्य अट अशी की निम्म्याहून अधिक काम हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं असावं. पत्रा, रिव्हेट त्यानं एकट्यानं मारले होते. वायरिंगपाशी अडला होता. म्हणाला, "संध्याकाळी येत जा. पैसे नाहीत, जेवण आहे."

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "विमानाला जमीन नाही. अर्थिंग कुठं करायचं?"

तो हसला. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर एक पितळी पट्टी होती. बॅटरीची उणे बाजू तिथं, आणि बहुतेक सगळ्या वस्तूंच्या परतीच्या वायरीही तिथंच. परतीच्या वाटा जागोजागी पत्र्याला जोडल्या तर रेडिओत घरघर येते.

महिनाभर आम्ही वायरीला हात लावला नाही. नुसते कागद. कुठली वस्तू किती अँपिअर खाते, आल्टरनेटर हवेत बंद पडला तर काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं. इंजिनाला मॅग्नेटो होते, त्यामुळं बॅटरी मेली तरी ठिणगी पडणार. रेडिओ आणि गरजेची यंत्रं मिळून ४ अँपिअर. बॅटरी १६ अँपिअर-तासांची. हिशेबानं ४ तास. म्हातारा म्हणाला, "दोनच धर." त्या यंत्रांना बॅटरीपासून दुसरी वेगळी वाटही दिली. ब्रेकर वायरीच्या जाडीवर ठरवले, कारण ब्रेकर राखतो तो वायरीला. २२ गेजच्या वायरीला ५ अँपिअर. पत्र्याच्या भोकातून वायर जाईल तिथं रबरी कडी, नाहीतर थरथरीनं कातडं सोलून निघायचं.

टोकांना डाग द्यायचा नाही, लग दाबून बसवायचे. डाग दिला की वायर तिथं ताठ होते आणि हादऱ्यानं डाग संपतो तिथंच मोडते. मी दोन संध्याकाळी साठेक लग बसवले. तिसऱ्या दिवशी एक सहज ओढून बघितला तर वायर हातात आली. चिमट्याचा खाचा मी चुकीचा धरला होता. किती वेळा, ते आठवेना.

म्हातारा घरात कॉफी करत होता. तो एक लग बदलला असता तर त्याला कळलंही नसतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि लग सांगता सांगता सोन्याचंही सांगून बसलो. गड्याचंही. हे मी अण्णांना कधी सांगितलं नव्हतं, आणि आता ते नव्हते.

त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "मग साठही काढू." काढले. नवा लग बसवला की मी ओढायचो, मग तो ओढायचा.

विमान उडालं तेव्हा मी गवताच्या धावपट्टीच्या कडेला हातातला रेडिओ घेऊन उभा होतो. तो मक्यावरून वळला आणि त्याचा आवाज आला. स्वच्छ होता, घरघर नव्हती.

त्या मे महिन्यात गावी गेलो. गड्याच्या घरी गेलो. तो राहिला नव्हता. पोरगा होता, त्याला सांगितलं. त्यानं पाणी दिलं, बाकी काही बोलला नाही. येताना विहिरीवर थांबलो. अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होता. बादलीभर ओतलं.