वय वाढवायचं, पण कसं?

वर्षातून एकदा स्टुटगार्टच्या माझ्या पत्त्यावर पेन्शन खात्याचं पत्र येतं. वयाची २७ वर्षं आणि वर्गणीची पाच वर्षं पूर्ण झाली की जर्मनीत ते प्रत्येकाला येतं. आजवर किती भरलं, पुढे दरमहा किती मिळेल आणि कोणत्या तारखेपासून, हे सगळं त्यात असतं. पगाराचे १८.६ टक्के या खात्यात जातात, निम्मे माझे, निम्मे कंपनीचे. माझा जन्म १९७३ चा, त्यामुळे माझ्या पत्रावर २०४० साल आहे. म्हणजे सदुसष्ट पूर्ण.

ठाकुर्लीला, माहेरी, फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, तोवर हातपाय चालायला नकोत का?"

आमची तिथली कॉलनी रेल्वेची. शेजारचे काका रेल्वेच्याच चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. ते बंद झाल्यावर कल्याणच्या लोको शेडला गेले. कोळशाच्या धुळीत उमेदीची वर्षं गेलेली, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून श्वास घ्यायचे. ३० एप्रिल १९९८ ला अठ्ठावन्न पूर्ण करून ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, गळ्यात हार. शेडमधली माणसं घरापर्यंत सोडायला आली. आणि १३ मेला केंद्र सरकारचा आदेश निघाला: निवृत्तीचं वय साठ.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख टाकलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून हे सगळे ३१ मेला बाहेर पडायचे. त्या साली ते राहिले. काकांच्याच शेडमधल्या अशा एका सहकाऱ्याला आणखी दोन वर्षं पूर्ण पगार मिळाला, राहायला रेल्वेचं घर मिळालं. काकांना मात्र क्वार्टर रिकामं करायचं होतं आणि मुलीचं लग्न व्हायचं होतं. काकांची एप्रिलची तारीखही मास्तरांनी अंदाजानेच लिहिली होती. काकू कितीतरी दिवस हेच बोलायच्या.

दुसरी बाजूही आमच्याच कॉलनीत होती. पुढची दोन वर्षं वयोमानानुसार कोणी निवृत्तच झालं नाही. जागा रिकाम्या होईनात आणि भरतीची वाट बघणारी काही पोरं वयोमर्यादेच्या बाहेर गेली.

जर्मनीने पासष्टवरून सदुसष्टवर जायचा कायदा केला २००७ मध्ये. अंमल सुरू झाला २०१२ पासून आणि तो पुरा होणार २०३१ मध्ये. १९४७ ला जन्मलेल्यांना एक महिना जास्त, १९४८ च्यांना दोन. १९५८ च्यांना सहासष्ट पूर्ण, तिथून पुढे दरवर्षी दोन-दोन महिने, आणि १९६४ पासून सगळ्यांना सदुसष्ट. माझ्या विभागातले एक गृहस्थ १९६० चे आहेत, त्यांचं वय सहासष्ट वर्षं चार महिने. हा आकडा त्यांना कायदा झाला तेव्हापासून ठाऊक आहे. घराचे हप्ते, बायकोची नोकरी, सगळं त्यांनी त्यावर बेतलं. लागोपाठच्या साली जन्मलेल्या दोन माणसांत फार तर दोन महिन्यांचा फरक पडतो. काकांच्या बाबतीत एका महिन्याने दोन वर्षं गेली.

इथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. लवकर थांबलात तर दर महिन्यामागे ०.३ टक्के कपात, तीही आयुष्यभरासाठी. ४५ वर्षं वर्गणी भरलेल्यांना थोडं आधी, कपातीशिवाय सुटता येतं. पण कौलं चढवणाऱ्या किंवा इस्पितळात रोगी उचलणाऱ्या माणसाची पाठ तोवर टिकते का, हा वाद इथे कायम चालू असतो आणि तो खरा आहे. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या काळात पहिला कायदा झाला तेव्हा वय सत्तर होतं. १९१६ मध्ये ते पासष्टवर आलं. डेन्मार्कच्या संसदेने २०२५ मध्ये पुन्हा सत्तरचा आकडा मंजूर केला, २०४० साठी. फ्रान्समध्ये २०२३ ला बासष्टचं चौसष्ट करताना सरकारने संसदेतलं अंतिम मतदान टाळलं आणि पॅरिसचे रस्ते भरून गेले. आकड्याइतकाच तो लादण्याच्या रीतीचाही तो संताप होता, असं मला वाटतं.

ठाकुर्लीत आज एकाच इमारतीत साठचा रेल्वेवाला आणि अठ्ठावन्नचा राज्य सरकारचा कर्मचारी शेजारी राहतात. राज्यात चतुर्थ श्रेणीला साठ, बाकी बहुतेकांना अठ्ठावन्न. त्यांच्या वरच्या मजल्यावर डोंबिवली एमआयडीसीतून बाहेर पडलेला कामगार असतो. त्याचं पीएफचं पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होतं, किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. या हजारात महिन्याची औषधंही येत नाहीत. निवृत्तीच्या वयावर बोलताना आधी या माणसाबद्दल बोललं पाहिजे. स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या बाईला तर कोणी वयच ठरवून दिलेलं नाही. गुडघे चालतात तोवर ती बसते.

माझी वर्गमैत्रीण राज्य सरकारच्या नोकरीत आहे. साठची मागणी जुनी, आणि दर अधिवेशनाआधी कार्यालयात कुजबुज सुरू होते. ती मला विचारते, "तुमच्याकडे कसं करतात गं?" मी तिला जर्मनीचा जन्मसालांचा तक्ता पाठवला. राज्याला वय वाढवायचं असेल तर ते असंच वाढवावं: आधी जाहीर करून, जन्मसालाप्रमाणे दोन-दोन महिन्यांनी, म्हणजे भरतीही दोन वर्षं तुंबणार नाही. ती २०३१ मध्ये अठ्ठावन्नची होईल. बँकेने तिच्या घरकर्जाची मुदत तिथवरच धरली आहे, मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असेल. तिला उत्तर आत्ता हवं आहे, २०३१ च्या मे महिन्यात नव्हे.