अर्ध्या तोळ्याची गोळी

बंदूक म्हटली की आम्हां मराठी मास्तरांना दोनच बंदुका आठवतात. एक दिवाळीतली, पत्र्याची, टिकल्यांची. आणि दुसरी कादंबरीतल्या जमीनदाराची. पहिलीने कुणी मरत नाही आणि दुसरीने लेखकाच्या सोयीप्रमाणे मरतो. असा एक जमीनदार मीही माझ्या दुसऱ्या कादंबरीत पोसला होता. त्याच्या बंदुकीतले काडतूस कोणत्या जातीचे होते, हे आजवर एकाही वाचकाने मला विचारलेले नाही. आपल्याकडे तो प्रश्नच नसतो. बार झाला की झाला!

पण नुसत्या काडतुसाच्या गप्पांत जेवणाची वेळ टळून जावी, असाही एक मुलूख जगाच्या पाठीवर आहे. २०२३ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी धाकट्या बहिणीकडे टेक्ससला गेलो. सॅन अँटोनियो शहराच्या कडेला त्यांचे घर. मेहुणे दिवसभर कचेरीत. भाच्याला नुकतेच अठरावे पुरे झालेले. दुसऱ्याच दिवशी पोळ्या लाटता लाटता बहीण हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, तू त्याच्याशी जरा बोल. त्याला रायफल घ्यायचीय."

"अठराव्या वर्षी?"

"मिळते इथं. बिअर मिळत नाही, पिस्तूल मिळत नाही, त्याला एकवीस लागतात. रायफल मिळते."

मामाने भाच्याला चार शब्द सांगावेत ही आपली जुनी रीत. पण शब्द सांगायचे तर आधी प्रकरण समजून घेतले पाहिजे, म्हणून मी त्याच्या गुरूकडे गेलो. हे गुरू म्हणजे शेजारचे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. लेथवर उभे राहून आयुष्य काढलेले. घरात सगळे त्यांना 'शेजारचे आजोबा' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. मोटार ठेवायच्या खोलीत मोटारीला बाहेर काढून त्यांनी तिथे एक लाकडी मेज मांडले होते, आणि मेजावर एक तराजू. तराजू पाहिल्याबरोबर मला आमच्या गावच्या सोनाराची पेढी आठवली. तसाच दिवा, तसाच चष्मा नाकावर घसरलेला, आणि तसाच श्वास रोखून धरलेला.

आजोबा काडतुसे घरी भरत. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाची फुटलेली टोपी काढायची, पुंगळी साच्यातून दाबून पुन्हा मापाची करायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी चेपायची. ही टोपी म्हणजे आपल्या टिकलीचीच मोठी बहीण. ठोका बसला की पेटते. दारू ते ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलत. ग्रेन हे नाव ऐकून मी कान टवकारले. इंग्रजी अमदानीत आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला. म्हणजे बारा माशांचा तोळा धरला तर मासा पडतो पंधरा ग्रेनचा. मी तिथेच कागद घेऊन हिशेब मांडला. त्यांच्या नेहमीच्या रायफलीची ५५ ग्रेनची गोळी म्हणजे पुरते पावणेचार मासेही नाही. ती पाहिली की वाटते, एवढ्याशा धातूसाठी केवढा हा खटाटोप!

आणि खरोखर, सगळ्या खटाटोपाचे मूळ त्या बारकेपणातच आहे. यूजीन स्टोनर नावाच्या कारागिराने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आर्मालाइट कंपनीत असताना एक हलकी रायफल आखली, तीच ही एआर-१५. तिच्या नावातले 'ए' नि 'आर' कंपनीच्या नावातून आले आहेत. पुष्कळ अमेरिकनांनाही ते ठाऊक नसते. तिच्यापासून लष्कराची एम-१६ झाली, आणि १९६० च्या दशकात तिची नागरी आवृत्ती बाजारात आली. एकदा चाप ओढला की एकच बार; पण पुढचे काडतूस आपले आपण नळीत चढते. तिचे मूळचे .२२३ काडतूस वेगवान खरे, पण गोळी हलकी. दूरवर वारा तिला झुलवतो. हरणासारख्या जनावराला ती अपुरी पडते म्हणून व्हर्जिनियासारख्या राज्यात हरणाच्या शिकारीत एवढ्या बारीक गोळीला मनाई आहे. मग मोठी गोळी घाला! पण तिथेच मेख आहे. काडतुसांची पेटी ज्या खाचेत बसते ती खाच स्टोनरने बांधून ठेवलेली. काडतुसाची लांबी २.२६ इंचांवर गेली की ते पेटीत मावत नाही. जुन्या वाड्याच्या चौकटीतून नवे कपाट आत न्यायचे झाले तर माणसे काय काय करतात ते आठवा. आडवे करतात, तिरके करतात, पाय कापतात. गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेतले काडतूस करणारे नेमके हेच करीत आहेत.

२००३ साली बिल अलेक्झांडर या ब्रिटिश वळणाच्या अभियंत्याने कपाटाचे पाय कापले. पुंगळी आखूड आणि जाड केली, म्हणजे वर लांब गोळीला जागा उरली. ही जाड पुंगळी त्याने घेतली कुठून? रशियन काडतुसाच्या घराण्यातून. कलाश्निकोव्हची रायफल जे काडतूस खाते त्याच्या नात्यातली. अमेरिकेच्या लाडक्या रायफलीच्या पोटी रशियाचे पितळ! व्याह्याव्याह्यांत असे चालायचेच. काडतुसाचे नाव ठेवले ६.५ ग्रेंडेल. ग्रेंडेल हा एका प्राचीन इंग्रजी काव्यातला राक्षस. या नावांची मला मोठी मौज वाटली. आपल्याकडे तोफांना नावे असत. मलिक-ए-मैदान काय, कलाल बांगडी काय. पण ती एकेका तोफेची नावे. इथे बोटाएवढ्या काडतुसांच्या अख्ख्या जातीला राक्षसाचे नाव द्यायचे, म्हणजे बारशाला गल्लीतली सगळी पोरे एकदम उभी करण्यासारखे झाले.

आजोबा ग्रेंडेलचे जुने भक्त. गोळी १२३ ग्रेनची, म्हणजे आठ माशांना थोडी वर. लांबट, निमुळती, वाऱ्याला सहजी न जुमानणारी. रानडुकराला ती पुरते. टेक्ससमध्ये रानडुकरांनी शेतकऱ्यांना आपल्या कोकणातल्यासारखेच जेरीस आणले आहे. फरक इतकाच की आपला शेतकरी रात्रभर डबे बडवतो, आणि तिथला दुर्बीण लावून बसतो.

पण भक्ताला देवाचे दोषही ठाऊक असतात. पुंगळी जाड म्हणून तिचे बूड धरणारा बोल्ट आतून जास्त पोखरावा लागतो, आणि पोखरलेल्या बोल्टच्या कडा पातळ होतात. सुरुवातीच्या काळात कित्येकांच्या बोल्टचे दात तुटले. म्हणून या काडतुसातला दाब .२२३ पेक्षा कमीच ठेवलेला असतो. कमाल ५२ हजार पौंड दर चौरस इंचाला, जिथे.२२३ ला ५५ हजार चालतो. शिवाय बोल्टच्या खोलीची दोन मापे बाजारात निघाली. एकाची नळी नि दुसऱ्याचा बोल्ट अशी सोयरीक कुणी जुळवली की संसार धड होत नसे. आणि पेटीत तीसच्या जागी पंचवीस-सव्वीसच मावतात. आजोबांनी असा एक तुटलेला बोल्ट मेजाच्या खणात ठेवला होता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, वैद्याने मुतखडा दाखवावा तसा.

.३०० ब्लॅकआउट या काडतुसाबद्दल ते फारच गंभीर होत. ते .२२३ च्याच बोल्टवर, .२२३ च्याच पेटीत चालते; नुसती नळी बदलली की झाले. ही त्याची थोरवी, आणि हाच त्याचा घात. कारण गोळी जाड असूनही ते काडतूस कधी कधी .२२३ च्या नळीतही जाऊन बसते. चाप ओढला की जाड गोळीला बारीक नळीतून वाट नसते आणि रायफल हातातच फुटते. म्हणून शहाणे लोक पेट्यांवर रंगीत पट्ट्या चिकटवतात. आजोबा त्याच्याही पुढचे. ते काडतूस त्यांनी घरातच आणले नव्हते.

मात्र माझ्या मनात भरली ती व्हॅल्किरी. नॉर्स पुराणात रणांगणावर कोण पडावे हे ठरवणाऱ्या देवींना व्हॅल्किरी म्हणतात. .२२४ व्हॅल्किरी हे काडतूस २०१७ च्या अखेरीस जाहीर झाले. गोळी बारीकच, पण लांबच लांब. वजन ९० ग्रेन, म्हणजे चोख अर्धा तोळा! वचन असे, की १३०० यार्डांपर्यंत, म्हणजे जवळजवळ बाराशे मीटरपर्यंत, ती आवाजाच्या पुढे धावेल. नेमबाज हरखून गेले. आजोबांनीही नळी मागवली. आणि मग घरोघरी एकच रड सुरू झाली. गोळी कधी निशाणाच्या मध्यावर बसे, तर कधी वऱ्हाडातल्या रुसलेल्या मामंजींसारखी भलत्याच बाजूला जाऊन बसे.

याचे कारण आजोबांनी भोवऱ्यावर सांगितले, म्हणून माझ्या मॅट्रिकपुरत्या विज्ञानालाही ते झेपले. नळीच्या आत आटे असतात, ते गोळीला गरगर फिरवतात. बुटका भोवरा थोड्या फिरकीनेही उभा राहतो. उंच, सडपातळ भोवऱ्याला जोराची फिरकी लागते. व्हॅल्किरीच्या बहुतेक नळ्यांत सात इंचांना एक फेरा. गोळी सेकंदाला २७०० फूट धावते असे धरले तर सेकंदाला साडेचार हजारांवर गिरक्या झाल्या! तरी त्या लांब गोळीला त्या जेमतेम पुरत. कुणी म्हणे आटे साडेसहा इंचांचे हवेत, कुणी म्हणे गोळीच सदोष, कुणी म्हणे नेमबाजच. आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी वही काढली, आणि गोळीचे वजन उतरवत ऐंशीच्या आसपास आणले. वहीत प्रत्येक पानाला पाच पाच भोकांचे चित्र होते. भोके पानागणिक जवळ जवळ येत गेलेली मी पाहिली. पुढे २०२० साली ६ मिलिमीटरचे एआरसी निघाले. ग्रेंडेलचीच पुंगळी आवळून केलेले. तेव्हा पुष्कळांनी व्हॅल्किरीला रामराम ठोकला. आजोबांनी मात्र तिची नळी तेल लावून ठेवली आहे.

एका रविवारी चांदमारीवर गेलो. भाचा पालथा पडून नेम धरीत होता, आणि मी त्याच्याकडे पाहात होतो. घरी चहाचा कप जागेवर न ठेवणारा हा मुलगा तिथे प्रत्येक बारानंतर बोल्ट उघडा ठेवून हात बाजूला घेत होता. कान झाकलेले असूनही प्रत्येक बार माझ्या छातीत वाजे.

परतताना पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली. तिच्यावर युवाल्डी हे नाव होते. त्या गावच्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी चौथीची एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा. रायफल याच घराण्यातली, काडतूस .२२३ च्याच जातीचे, अठरावे लागल्यावर लगेच रीतसर विकत घेतलेली. मी स्वतः चौथीचा वर्ग घेतो. एकोणीस म्हणजे माझ्या वर्गातल्या खिडकीकडच्या दोन रांगा. मोटारीत मी नावे आठवत गेलो, पहिल्या बाकापासून. तिसऱ्या बाकावर थांबलो.

"तुला ती कशाला हवी?" मी विचारले.

"डुकरांसाठी. आणि नेमासाठी, मामा."

"आजोबांची आहे की."

"ती त्यांची आहे," तो म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. माझी सायकल शेजाऱ्यांची असती तर मीही वडिलांना असेच सांगितले असते.

संध्याकाळी मी आजोबांना सरळच विचारले. माझे इंग्रजी तोकडे, पण 'युवाल्डी' या शब्दाला व्याकरण लागले नाही. त्यांनी दारूचे तबकडे खाली ठेवले, तराजूवर झाकण घातले आणि सदऱ्याच्या गळ्यातून एक दोरी बाहेर काढली. तिला लोखंडी कपाटाची किल्ली होती. तिची दुसरी प्रत नाही, असे ते म्हणाले. त्यांची नात दुसऱ्या गावी शाळेत आहे. तिथे मुलांना दिवे मालवून, दार लावून, गप्प बसायची कवाईत शिकवतात. ही गोष्ट सांगताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, अठरा फार लवकर आहे, हे मी मित्रांत बोललो आणि दोघांनी माझ्याशी बोलणे टाकले. मुलाला मी सांगितले आहे, एकवीस होईपर्यंत माझी वापर, माझ्यासमोर.

मी बहिणीला जेवताना सांगितले, की माझे मत आजोबांसारखेच. तिने ताटातली आमटी ढवळली. "म्हणजे तूही पुरता नको म्हणत नाहीस," ती म्हणाली, आणि त्या रात्री माझ्याशी आणखी काही बोलली नाही. तिचे म्हणणे मला समजते. चौथीचा वर्ग चालवणाऱ्या भावाकडून तिने याहून मोठ्या शब्दाची अपेक्षा केली होती. पण ज्या माणसाच्या गळ्यात किल्ली होती त्याच्याकडून मुलाला तोडणे मला बरे दिसेना.

२०२४ च्या दिवाळीत पाडव्याला भाच्याचा फोन आला. आजोबा आता एआरसीकडे वळले होते. गोळी १०८ ग्रेनची. "सात मासे नि वर थोडी," त्याने मला हिशेब सांगितला. रायफल अजून घेतलेली नाही. रविवारी तो जातो, पाच पाच बार काढतो आणि वहीत भोके उतरवून घेतो. "मामा, समज घ्यायचीच झाली, तर ग्रेंडेल की एआरसी?"

मी उत्तर देणार तोच मागून, कढईच्या चरचरीतून, बहिणीचा आवाज आला, "दादा, सांगू नकोस हं काही!"