जक्कयाचा चौपट हिशेब

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी अक्षरांतले छोटे छोटे लेख आहेत. त्यांत तत्त्वज्ञान शोधायला जाल तर निराश व्हाल. बहुतेक लेख दानाच्या नोंदी आहेत. कुणी पाण्याची पोढी खोदून दिली, कुणी शेत लावून दिलं, कुणी बांबूकाम करणाऱ्यांच्या नाहीतर कासारांच्या श्रेणीकडे व्यवस्था लावली. ईरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला. परदेशी मुळाची ही माणसं. त्यांच्या गावाचा, घरादाराचा आज पत्ता नाही, पण दिलेलं दान कातळावर नावासकट शाबूत आहे.

पुण्य करावं, ते कुठेतरी लिहून राहावं आणि वेळ आली की कामी यावं, ही आपल्या मातीतली फार जुनी समजूत. मी तिला नावं ठेवणार नाही. तिने पोढ्या खोदल्या, घाटवाटांवर धर्मशाळा बांधल्या, वैशाखात पाणपोया घातल्या. पण मी जुन्नर तालुक्यातल्याच ख्रिस्ती घरातला, आणि आमच्या कानांवर लहानपणापासून नेमकं उलटं पडत आलं. तारण कमावता येत नाही. ते कृपेने मिळतं, विश्वासाने घ्यायचं असतं. पाळक व्यासपीठावरून हे ठासून सांगायचे आणि खाली बसलेली निम्मी मंडळी मनातल्या मनात आपण किती रविवार चुकवले नाहीत ते मोजत असायची. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची माणसं जुन्नरला येऊन राहिली, त्यांनी ही फुकटच्या तारणाची गोष्ट इथे आणली. आम्ही ती ऐकली, मानली, आणि पुन्हा बोटांवर मोजायला लागलो.

ही मोजायची सवय किती खोल असते, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मुलाबाळांना घेऊन तीर्थोतीर्थी हिंडले. पुराणं सांगितली, उपास केले, होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं. मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. इतकं पुण्य गाठीला असून अन्नाचा घास मिळाला नाही, ही जखम घेऊन रमाबाई पुढे चालत राहिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायका तिथे राहत, आणि कुणी त्यांना टाकून बोलत नव्हतं. हे लोक असं का वागतात, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा येशू विहिरीवर जिच्याशी बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना सांगितली गेली. म्हणजे आधी माया दिसली, शिकवण मागाहून आली. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

तरीही रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या काळात वाँटेजच्याच भगिनी जेराल्डीनशी त्यांचे त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून लांबलचक वाद चालले. १८८९ मध्ये मुंबईत त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, निघाली, पुढल्या वर्षी ती पुण्याला आली. बाहेरून पाहणाऱ्याला यात काय कमी होतं? पण त्यांना कमी जाणवत होतं. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. हा गृहस्थ दीक्षा घेऊन पाळक झालेला, आणि खरं मनःपरिवर्तन झालं ते त्यानंतर. ते वाचून रमाबाई थबकल्या. आपण लायक झालो की देव आपल्याला घेईल, अशी वाट पाहत बसायचं कारणच नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं.

आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदी अडवली, गाव बुडालं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं; कचेऱ्या घोडेगावात. रमाबाईंची ती मधली वर्षं मला तशीच वाटतात. नाव ख्रिस्ती, कागदोपत्री सगळं चोख, आणि ज्याच्यावरून नाव पडलं तोच नजरेआड. आमच्यासारख्या जन्माने ख्रिस्ती असलेल्यांपैकी किती जण आयुष्यभर त्याच तालुक्यात राहतात, हे विचारायची सोय नाही.

आता प्रश्न असा की आधी काय, विश्वास की पश्चात्ताप? धर्मशास्त्राच्या वर्गांत यावर खूप काथ्याकूट झाला आहे. नव्या करारात पौल विश्वासावर भर देतो, याकोब बजावतो की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. १५१७ साली ल्यूथरने जी पंच्याण्णव विधानं मांडली, त्यांतलं पहिलंच असं आहे की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. कॅथलिक भाऊबंद धर्मगुरूपुढे पापं कबूल करतात, आम्ही उपासनेत सगळे मिळून एका सुरात कबूल करतो. एका सुरात कबूल केलं की कुणाचं काय ते कळत नाही, ही त्यातली सोय.

मला या प्रश्नाचं उत्तर नाणेघाटात सापडतं. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. कोकणातून माल चढवून आणणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. एका बाजूला राजघराण्याने दिलेल्याची यादी, दुसऱ्या बाजूला वाटसरूकडून घेतलेल्याचं भांडं. या दोन्हींच्या मध्ये उभं राहिलं की मला हमखास जक्कय आठवतो.

लूककृत शुभवर्तमानातला जक्कय यरीहोच्या जकातदारांचा मुख्य. रोमन सरकारसाठी वसुली करायची आणि मधल्यामध्ये आपलंही भागवायचं, हा त्याचा धंदा. पैसा गडगंज, पत शून्य. अंगाने ठेंगू. येशू गावातून चाललाय म्हणून बघायला आला, पण गर्दी त्याला पुढे होऊ देईना. लोकांनी मुद्दामच कोपरं आडवी घातली असतील. मग हा पैसेवाला माणूस, अंगरखा सावरत, पोरासोरांसारखा उंबरावर चढून बसला. येशू खाली थांबला, त्याने वर पाहिलं, नावाने हाक मारली आणि सांगितलं की आज मुक्काम तुझ्याकडे.

बस्स. त्याने वसुलीच्या वह्या मागवल्या नाहीत, आधी पापं कबूल कर म्हटलं नाही. लोक कुरकुरले, कारण लोकांच्या हिशेबात हा क्रम चुकत होता. आधी शुद्ध हो, मग घरी येतो, हे सगळ्यांना समजलं असतं. जक्कय मात्र त्याला आनंदाने घरी घेऊन गेला आणि मग उभं राहून आपण होऊन बोलला, की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणाला, या घराला आज तारण लाभलं.

माझं मत विचाराल तर क्रम हा असा आहे. आधी कुणीतरी नावाने हाक मारतं. त्या हाकेवर भरवसा ठेवून माणूस झाडावरून उतरतो, हा विश्वास. आणि उतरल्यावर पायांखाली जमीन लागते तेव्हा कुणाकुणाचं आपल्याकडे निघतं ते आठवायला लागतं, हा पश्चात्ताप. चौपट परतफेड ही मुक्कामाची किंमत नव्हती, मुक्काम आधीच ठरला होता. पण परतफेड झालीच नसती, तर पाहुणा नुसता जेवून गेला असं म्हणावं लागलं असतं.

या माझ्या मताला वधस्तंभावरचा चोर आडवा येतो, हे मी जाणून आहे. हात खिळलेले, घटका भरत आलेली, त्याने काय परत करायचं? आपल्याला मिळते ती शिक्षा रास्त आहे एवढं तो बोलला, आणि माझी आठवण ठेव म्हणाला. त्याला त्याच दिवशी स्वर्ग मिळाला. म्हणून परतफेडीची अट घालता येत नाही. मात्र ज्याचे हात मोकळे आहेत त्याने स्वतःला त्या चोराच्या रांगेत बसवून घ्यावं, हे काही खरं नाही.

पश्चात्ताप आमच्या मुलखाला मिशनऱ्यांनी शिकवला असं कुणी म्हणेल तर त्याला ओतूरला न्यावं. मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात येऊन मंत्र देणारे ते हेच, असं वारकरी मानतात. तुकोबांच्या घरात सावकारी होती. दुष्काळाने घर होरपळल्यावर त्यांनी कर्जखतं बाहेर काढली, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. जक्कयाने चौपट परत केलं, तुकोबांनी येणं असलेलंही सोडलं. अनुतापाची खोली मोजायचीच झाली तर देहूच्या वाण्याचं माप यरीहोच्या जकातदारापेक्षा उणं नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं उघड सांगत राहिले. आजही आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली टिळकांची पदं टाळ-मृदंगावर रंगतात, तेव्हा तो पूल पायांखाली जाणवतो.

पण दोन्ही काठ एकच आहेत, असं गुळमुळीत बोलणं मला जमत नाही. ख्रिस्ती माणसाचा दावा वेगळा आहे. त्याचं म्हणणं, कर्जखत देवाने आपल्या रक्ताने फाडलं, एका ठरावीक दिवशी, यरुशलेमच्या वेशीबाहेर. ते खरं मानायचं की नाही, हा विश्वासाचा प्रश्न, आणि त्याला अनुतापाने बगल देता येत नाही. टिळकांनाही देता आली नाही. म्हणून तर बाप्तिस्मा घेतला, घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त एक गोष्ट ठसठशीत आहे. जातिभेद माणसाने केलेला आहे हे एकदा आतून पटल्यावर त्यांनी सोवळं सोडलं, कुणाच्याही हातचं चालवून घेतलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. पश्चात्तापाला इतकं साधं रूप असू शकतं, पाण्याच्या तांब्याएवढं.

रडण्याबद्दल मात्र मला शंका आहे. जून १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात मोठं आध्यात्मिक उधाण आलं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, हमसून रडत, पापं कबूल करत. वेल्समध्ये अशीच लाट येऊन गेली होती. त्या मुलींवर मी संशय घेत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या, आपली माणसं डोळ्यांदेखत गमावलेल्या पोरी त्या, रडायला त्यांना जागा तरी मिळाली. पण केडगाव मला मोठं वाटतं ते लाट ओसरल्यानंतरचं. शेती, हातमाग, छापखाना चालत राहिला, आंधळ्या मुलींना शिकवणं थांबलं नाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे तिथल्याच मुलींनी जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर ते काम हातावेगळं झालं होतं.

आमच्या घरगुती प्रार्थनासभांत साक्ष द्यायची पद्धत आहे. साक्षींचा साचा ठरलेला. आधी दारू, मटका, मारामाऱ्या, मग कुणीतरी सभेला नेलं, मग डोळ्यांत पाणी, मग सगळं छान. नारायणगावच्या बाजूला अशाच एका सभेत एक टोमॅटोवाला शेतकरी बोलत होता. बोलणं फर्मास, लोक ‘हालेलुया’ म्हणत होते. मी दाराशी बसलो होतो, तिथून आतली खोली दिसत होती. त्याची बायको गॅससमोर उभी राहून चहा गाळत होती. पातेलं फडक्याने धरलेलं, पेले ताटात मांडलेले, कान बाहेर. नवरा दारूच्या भागावर आला तशी तिची गाळणी थांबली. चहा घेऊन ती माझ्यापर्यंत आली तेव्हा मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “दादा छान बोलले.” ती हळूच म्हणाली, “बोलायला पयल्यापासून चांगलेच हायेत. पर दोन वर्सं झाली, हात नाही उगारला. आन्‌ माझं डोरलं सोडवून आणलं.” एवढं सांगून ती पुढच्या माणसाकडे वळली.

सभेत तिला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगत नाहीतच.

आमच्या मंडळ्यांना आणि पाळकांना माझी विनंती आहे. येत्या उपवासकाळात साक्षीची एक तरी सभा अशी ठेवा, की ज्याचं तारण झालंय त्याने गप्प बसायचं, आणि त्याची बायको, बांधाशेजारचा भाऊबंद, त्याच्याकडे रोजाने येणारी बाई, यांनी बोलायचं. त्यांना काही सांगायचं नसेल, तर त्या दिवशी सभा लवकर संपवा.