सहापर्यंत

त्या गुरुवारी सकाळी ड्यूटीला निघताना मी बाबांना म्हणाले, "सहापर्यंत येते." बाबा म्हणाले, "बरं. मी सहापर्यंत थांबतो."

शब्द एकच, वेळही एकच. मला वाटलं, ठरलं.

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी जिना चढून वर आले तर दाराला कुलूप. आई लालबागला मावशीकडे गेलेली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "गेले की तुझे बाबा. चपला घालून दारातच उभे होते. सहाचा ठोका पडला आणि निघाले."

बाबांची साडेसहाला भायखळ्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे वेळ होती. मी सोबत जायचं होतं, कारण डॉक्टर जे बोलतील ते ऐकायला कोणीतरी हवं होतं. मी तशीच परत खाली उतरले. टॅक्सी मिळेना, मिळाली तर सिग्नल सुटेना. पोचले तेव्हा बाबा फाईल काखेत धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"मशीन लावा म्हणाले."

"अजून?"

"अजून बरंच काही म्हणाले."

म्हणजे बाबांना ते ऐकूच आलं नव्हतं. आठ-दहा मिनिटं ते डॉक्टरांसमोर बसून नुसती मान हलवत होते. "आपण परत वर जाऊ, मी विचारते," म्हटलं तर नको म्हणाले. त्यांना लाज वाटत होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते. मी नर्स आहे. परळच्या हॉस्पिटलात पुढची सिस्टर येईपर्यंत वॉर्ड सोडता येत नाही. आणि सहापर्यंत म्हणजे काय अगदी घड्याळ लावून सहा? बारा मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण बाबांचंही काही चुकलं नव्हतं. सहापर्यंत थांबतो म्हणाले आणि सहापर्यंत थांबले.

शनिवारी दादरला जपानीचा क्लास असतो. भायखळ्याहून स्लो गाडी पकडायची. लेडीज डब्यात चढल्या चढल्या बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठपर्यंत?" ती "दादर" म्हणाली की तिची सीट आपल्या काही कामाची नाही, कारण आपणही दादरलाच उतरणार. दुसरी शोधायची. आपल्या शहरात 'पर्यंत' या शब्दावर सीट मिळते.

त्या शनिवारी सेन्सेईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली.

रोकुजी मादे माचिमास.
रोकुजी मादेनी काएरिमास.

'रोकुजी' म्हणजे सहा वाजता मधले 'सहा वाजले' ते. पहिलं वाक्य: मी सहापर्यंत थांबते. दुसरं: मी सहापर्यंत परत येते. सेन्सेई म्हणाल्या, "मराठीत दोन्हीकडे काय आलं?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "पर्यंत."

"जपानीत दोन वेगळे शब्द आहेत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फळ्यावर एक उभी भिंत काढली. भिंतीपर्यंत एक आडवी रेघ ओढली. ती 'मादे'. थांबणं, झोपणं, काम करणं, वाट बघणं, अशी जी क्रिया चालूच राहते आणि भिंतीला टेकल्यावर संपते, तिथे 'मादे'. मग भिंतीच्या अलीकडे कुठेतरी खडूने एक टिंब दिलं. ते 'मादेनी'. पोचणं, फॉर्म भरणं, फोन करणं, पैसे भरणं, असं एकदाच घडून जाणारं काही असेल, तर ते भिंतीच्या आधी कुठेही घडलं तरी चालतं, पण भिंतीपलीकडे गेलं की चुकलं. त्यातला 'नी' हा वेळेचं टोक दाखवतो. रोकुजी नी म्हणजे सहाला. तेवढं एक अक्षर लागलं की रेघेचं टिंब होतं.

मी वहीत ती भिंत काढून घेतली. एका बाजूला रेघ, तिच्या खाली लिहिलं 'बाबा'. दुसऱ्या बाजूला टिंब, तिथे 'मी'. आणि टिंब भिंतीच्या पलीकडे गेलं होतं.

मराठीला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. आपण तो क्रियापदावरून ओळखतो. 'सहापर्यंत थांब' आणि 'सहापर्यंत ये' यात आपला कधी गोंधळ होत नाही. 'येईपर्यंत', 'जाईपर्यंत' हेसुद्धा जपानीत हुबेहूब तसंच होतं: 'कुरु मादे', येईपर्यंत. जपानी शिकताना मराठी माणसाला इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं जातं ते यामुळेच. क्रियापद शेवटी, आणि 'ला', 'ने', 'पासून', 'पर्यंत' ही शेपटं शब्दाच्या मागे. 'कारा' ते 'मादे' म्हणजे 'पासून' ते 'पर्यंत'.

शिवाय आपल्याकडे 'आत' आहे. सहाच्या आत ये. त्यात पळवाट नाही. 'सातच्या आत घरात' हे सिनेमाचं नाव झालं त्याच्या कितीतरी आधीपासून मुलींना घरोघरी ऐकू येत होतं. मलाही येत होतं. बाबा मला कायम 'आत' म्हणायचे. मी बाबांना कायम 'पर्यंत' म्हणायचे. आठपर्यंत येते. रविवारपर्यंत फॉर्म भरते. पुढच्या महिन्यापर्यंत तुमच्या कानांचं बघू. हुकूम असतो तेव्हा 'आत' येतो आणि आश्वासन असतं तेव्हा 'पर्यंत', हे मला त्या फळ्यासमोर बसून कळलं.

बाबांच्या आयुष्यातलं 'पर्यंत' मात्र पक्कं होतं. गोदीच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी रिटायर होईपर्यंत काम केलं. चिपिंग आणि ग्राइंडिंग. म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा गंज ठोकून, घासून काढायचा. भोंगा झाला की हत्यार खाली. भोंगा होईपर्यंत आवाजात उभं राहायचं. कानात कापसाचे बोळे, तेही आठवण राहिली तर.

आवाज किती सहन करावा यालाही एक 'पर्यंत' असतो. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेने तो असा सांगितला आहे: 85 डेसिबलचा आवाज असेल तर दिवसाला आठ तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. लोखंडावरचं चिपिंग 100 च्याही वर जातं. बाबांनी ती पंधरा मिनिटं किती वर्षं ओलांडली, याचा हिशोब मी केला नाही.

फाईलमधला आलेख मी रात्री उघडून बघितला. डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे पट्टी चढत जाते. बाबांची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि 4000 हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. सततच्या मोठ्या आवाजाने कान आधी तिथेच जातात. म्हणून अशा माणसाला कोणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. स्वर ऐकू येतात. 'स', 'श', 'फ', 'थ' असले हलके व्यंजनांचे आवाज वर पट्टीत असतात, ते गळून जातात. 'सहा' म्हटलं की नुसतं 'अहा' पोचतं. ते 'सहा' होतं की 'दहा', हे समोरच्याच्या ओठांवरून ठरवायचं. मला एकदम आठवलं, त्या सकाळी बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

मी जपानी का शिकते हे अजून सांगितलं नाही. मला तिकडे 'काइगो'च्या कामाला जायचंय. काइगो म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल: उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, जेवण भरवणं, बोलणं. जपानमध्ये दर दहा माणसांतली जवळजवळ तीन पासष्टीच्या पुढची आहेत आणि हात कमी पडतायत. जानेवारी 2021 मध्ये भारत आणि जपान यांच्यात करार झाला, त्यामुळे भाषेची आणि कामाची परीक्षा पास झालेल्यांना व्हिसा मिळतो. हा व्हिसा एकूण पाच वर्षांपर्यंत. घरच्यांना सोबत नेता येत नाही.

म्हणजे ज्यांचे कान गेलेत अशा परक्या बाबांशी बोलायला मी जाणार, आणि माझे बाबा माझगावात 'अहा' ऐकत बसणार. क्लासमधल्या कोणालाही मी हे बोलून दाखवलं नाही. प्रत्येकीच्या घरी काही ना काही आहेच.

गंमत म्हणजे बाबांशी कसं बोलावं हे मला त्या कामाच्या तयारीतच कळलं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासमोर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. ओरडू नका, ओरडलं की आवाजाची पट्टी चढते आणि चढलेली पट्टीच त्यांना ऐकू येत नाही. खालच्या सुरात, सावकाश, छोटी वाक्यं बोला. मी नर्स असून घरी चार वर्षं बाबांवर ओरडत होते. आईही ओरडत होती. आम्हाला वाटायचं आम्ही मोठ्याने बोलतोय.

मशीन आलं. पण बाबा ते घरात कमीच लावतात, भांड्यांचा आवाज टोचतो म्हणतात. त्यामुळे खालचा सूर मला शिकावाच लागला.

डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही दोघं डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या टेकडीवर गेलो. जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. खाली पाण्याचा जलाशय, वर बाग, आणि पलीकडे सगळं बंदर दिसतं: क्रेन, जहाजं, हार्बर लाईनच्या गाड्या. माझगाव हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक होतं. तेव्हा माझगाव कुठपर्यंत, असं कोणाला विचारायची गरज पडत नसणार. जिथे पाय भिजले तिथपर्यंत. आता भायखळा कुठे संपतं आणि माझगाव कुठे सुरू होतं यावर टॅक्सीवाल्याशी वाद घालावा लागतो.

बाकावर मी बाबांच्या समोर वळून बसले, आणि खालच्या सुरात जपानचं सगळं सांगितलं. 1893 साली याच बंदरातून निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे जहाजं सुरू केली होती, कापसासाठी, जमशेटजी टाटांच्या साथीने, हेही सांगितलं. थोडा वेळ मिळावा म्हणून.

बाबा जहाजांकडे बघत होते. मग म्हणाले, "कधीपर्यंत?"

आणि मला कळेना. कधीपर्यंत जाणार, असं विचारतायत, की कधीपर्यंत राहणार? टिंब की रेघ? जपानीत विचारलं असतं तर एका 'नी'वरून कळलं असतं. मी दोन्ही उत्तरं दिली. परीक्षा पास झाले तर पुढच्या वर्षाअखेरपर्यंत जाईन. पाच वर्षांपर्यंत राहीन.

"पाच," बाबा म्हणाले. पंजा उघडून त्यांनी माझ्यासमोर धरला, बरोबर ऐकलं का ते बघायला.

"पाच," मी म्हटलं.

जपानीत 'इत्सु' म्हणजे कधी. 'इत्सुमादे' म्हणजे कधीपर्यंत. त्याला 'मो' जोडला, आपला 'ही' जोडतो तसा, की होतं 'इत्सुमादेमो': कायम, अखंड. लग्नात शुभेच्छा देतात त्यात हा शब्द असतो. किती आणि कितीही, तसंच. एक अक्षर लागलं की भिंतच जाते. मला तो शब्द फार आवडतो, पण व्हिसाच्या कागदांवर तो कुठेच नाही. तिथे सगळीकडे 'मादे' आहे.

31 डिसेंबरला रात्री आम्ही तिघं गॅलरीत उभे होतो. मुंबईच्या बंदरातली जहाजं बाराच्या ठोक्याला एकदम भोंगे वाजवतात. माझगावात लहानपणापासून नवं वर्ष असंच येतं. बाबांनी मशीन लावलं नव्हतं. आई मोबाईलवर घड्याळ बघत होती, मी रस्त्यावरच्या पोरांकडे. आणि आमच्याआधी बाबाच म्हणाले, "वाजले बघ."

खर्जातला आवाज तो. डावीकडची रेघ. तो त्यांना पूर्ण पोचत होता. एक जहाज, मग दुसरं, मग सगळीच. गॅलरीचा कठडा हाताखाली थरथरत होता.

भोंगे थांबल्यावर बाबांनी विचारलं, "तिकडे वाजवतात का?"

मी त्यांच्याकडे तोंड केलं. "वाजवतात. योकोहामाच्या बंदरात. अशीच सगळी जहाजं, बाराला."

"तिकडचे बारा म्हणजे इकडचे किती?"

"साडेतीन तास पुढे आहेत ते. इकडचे साडेआठ."

"म्हणजे तुला आधी कळणार."

"हो. मी तुम्हाला साडेआठला व्हिडिओ कॉल करीन. जहाजांचा आवाज ऐकवीन."

बाबांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं.

"साडेआठपर्यंत," ते म्हणाले, "की साडेआठला?"

"साडेआठला, बाबा."