फळ्यावरची तारीख आणि संगणकाची तारीख

मी गिरडच्या शाळेत चौथ्या वर्गात शिकतो. आमचे गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. रोज फळ्यावर दिनांक व सुविचार लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली. मला घरी जायची घाई होती. संगणक सुरूच होता. मी तो नीट बंद न करता सरळ भिंतीवरचे मेन बटन बंद केले आणि पळालो.

सोमवारी गुरुजींनी संगणक लावला. तो आपलीच तपासणी करत बसला. खूप वेळाने सुरू झाला. माझ्या बाकावरच्या मित्राचे आईबाबा कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात चालले होते. त्याचे नाव नव्या शाळेत पाठवायचे होते. त्यासाठी यू-डायस प्लसवर लॉगिन करावे लागते. पण ते पानच उघडेना. जोडणी सुरक्षित नाही, असे लिहून येई. गुरुजींनी तीनदा करून पाहिले. मित्राचे बाबा दाराशी उभे होते. त्यांना दुपारच्या गाडीने जायचे होते.

मला मनातून बरे वाटले. काम झाले नाही तर माझा मित्र जाणार नाही! तेवढ्यात माझे लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेले. तिथे १ जानेवारी २०१५ अशी तारीख होती. मी थोडा वेळ गप्पच राहिलो. पण त्याच्या बाबांचे तोंड पाहून मला राहवले नाही.

"गुरुजी, तारीख चुकली जी! अन् शनिवारी मेन बटन म्याच बंद केलं होतं."

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तारीख बरोबर केली. लगेच लॉगिन झाले.

मग गुरुजींनी आम्हाला समजावून सांगितले. संगणकात रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. तिला सीआर २०३२ म्हणतात, कारण ती २० मिलिमीटर रुंद व ३.२ मिलिमीटर जाड असते. वीज नसली की घड्याळ तिच्यावर चालते. आमची बॅटरी संपली होती, म्हणून वीज तुटताच तारीख मागे गेली. संकेतस्थळाजवळ ओळखीचे प्रमाणपत्र असते. त्याची मुदत ठरलेली असते. संगणकाला वाटले, अजून २०१५ साल आहे, मुदत सुरूच झाली नाही! म्हणून त्याने दार लावून घेतले.

गुरुजी म्हणाले, "बाबू, चुका मोठ्यांच्याही होतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीकडून एक बिघडलेली फाइल गेली. जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशात विमानाचे पास हाताने लिहून द्यावे लागले. ती फाइल काढली तेव्हा संगणक सुरू झाले. चूक कुठे झाली ते सांगितलं, तर दुरुस्ती लवकर होते."

माझा मित्र त्याच दुपारी गेला. मला रडू आले. पण नव्या शाळेत त्याचे नाव लागले, याचा आनंदही झाला.

आता संगणकात नवी बॅटरी आहे. तरी मी रोज फळ्यावर तारीख लिहून झाली की संगणकाची तारीख पाहतो. मित्रांनो, तुम्हीही संगणक नीट बंद करा. आणि चूक झाली तर लपवू नका.

— एक विद्यार्थी, वर्ग ४ था