अंगणातील पाखाडी

फोंडा महालातील आमच्या जुन्या घराच्या दारापासून तुळशीवृंदावनापर्यंत, आणि तेथून पुढे देवळाच्या रस्त्यापर्यंत, चिऱ्यांची एक पाखाडी आहे. लांबी जेमतेम साठ पावले. वर्षातून एकदा देवाची पालखी याच वाटेने अंगणात येते. खांदा देणारे अनवाणी असतात. म्हणून आदल्या दिवशी वडील स्वतः अनवाणी होऊन ही वाट चालून पाहात. जो चिरा पायाखाली हले, तो उचलून, खालची वाळू सारखी करून पुन्हा बसवीत. लहानपणी मला हा पालखीच्या विधीचाच एक भाग वाटे. त्यात व्यवहाराचे शहाणपण किती होते, हे कळण्यासाठी मला पुढे मोठी किंमत मोजावी लागली.

आपल्या या जांभ्या दगडाचे विटेशी जुने नाते आहे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात मलबारातील अंगाडिपुरम येथल्या या दगडाचे वर्णन केले आणि त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत मऊ असल्याने हा दगड विटेसारखा कापता येतो आणि वारा लागला की कठीण होतो. परंतु त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात. तो पाणी पितो आणि सवड मिळाली की सोडतो. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आमच्या भूमीत ही सवड त्याला द्यावीच लागते.

वडिलांच्या मागे वाटेची निगा माझ्याकडे आली. सांध्यांत गवत उगवे, मुंग्या वाळू वर काढीत, आणि दरवर्षी तेच काम करण्याचा मला कंटाळा आला. २०११ च्या उन्हाळ्यात मी सर्व सांधे सिमेंटने बुजवून घेतले. वाट एकसंध, नीटनेटकी दिसू लागली. येणारेजाणारे कौतुक करू लागले. पण दोन पावसाळ्यांत सिमेंटला बारीक तडे गेले. त्यांतून पाणी आत शिरे, खालची वाळू वाहून नेई, आणि वर मात्र त्याला उतरायला जागा नसे. काही चिरे खचले, खळग्यांत पाणी साचले, आणि त्यावर शेवाळाचा हिरवा थर चढला.

२०१३ च्या आषाढात, उजाडण्यापूर्वी, आई तुळशीला पाणी घालायला निघाली आणि त्या शेवाळावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, महिनाभर अंथरूण झाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढेच सांगे, “माझाच पाय चुकला.” तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने दिला असता तर बरे झाले असते, असे मला कितीदा वाटले.

दिवाळीनंतर मी, वडिलांसमवेत ही वाट बसविणाऱ्या वृद्ध गवंड्याला बोलावले. त्याने छिन्नी लावली, तेव्हा सिमेंट सहजी सुटेना. ते चिऱ्याहून कठीण असल्यामुळे चिऱ्यांच्या कडा घेऊनच निघाले. कितीतरी चिरे वाया गेले. कपाळावरचा घाम पुसत तो कोकणीत म्हणाला, “बाब, उदकाक वाट दियात, मागीर तुमकां वाट उरतली.” या एका वाक्यात त्या कामाचे सारे शास्त्र आले.

त्याने जमीन धुमसून घट्ट केली, तिला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार दिला आणि नदीची चाळलेली वाळू पसरली. खाडीची वाळू त्याने नाकारली. तिच्यातील मीठ दगडावर पांढरे उमटते आणि त्याचा पापुद्रा सुटतो. दोन्ही कडांना चिरे उभे गाडले, म्हणजे वाट पसरत नाही. सांध्यांत कोरडी वाळूच भरली.

तेव्हापासून वर्षाचा क्रम ठरून गेला आहे. वैशाखात वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटतो, कारण ऊन पोचते तेथे शेवाळ फारसे टिकत नाही. त्याच वेळी कडेचे गटारही मोकळे करतो. पावसात उघडीप मिळाली की हिरांच्या खराट्याने शेवाळ खरवडतो. आम्ल किंवा पाण्याचा जोराचा फवारा वापरीत नाही. एकाने दगड खातो, दुसऱ्याने सांध्यांतील वाळू उडते. भाद्रपदात, बी धरण्यापूर्वी, गवत मुळासकट उपटतो. पाऊस सरला आणि वाट पुरती वाळली, की सांध्यांत नवी वाळू झाडून भरतो. एखादे मूळ चिरा उचलू लागले, तर तेवढाच चिरा काढून, मूळ तोडून, तो परत बसवितो. वाळूच्या सांध्याचा मोठा गुण हाच, की एकाच्या दुखण्यासाठी शेजाऱ्याला फोडावे लागत नाही.

पुढच्या वर्षी आई काठी टेकीत पुन्हा तुळशीपर्यंत गेली. मी मागे उभा होतो. मध्येच थांबून तिने काठीने एक चिरा ठोकून पाहिला, आणि काही न बोलता पुढे गेली.

आज ती नाही. पालखीच्या आदल्या दिवशी मी पायांतील वहाणा काढून दारापासून रस्त्यापर्यंत साठ पावले चालतो. एखादा चिरा हललाच, तर आता कंटाळा येत नाही.