हिरव्या दिव्याची खातरजमा

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या डी माँटफर्ट विद्यापीठात १९९४ च्या सुमाराला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन होती, सेकंदाला ६४ किलोबिटची. आजचा दोन एमबीचा फोटो तिच्यावरून यायला चार मिनिटांहून जास्त लागली असती. साहजिकच ती लाइन किती भरली आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं असे. तिथे काम करणाऱ्या टोबियास ओटिकर यांनी त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो राउटरकडून आकडे आणायचा, त्यांचा ग्राफ काढायचा आणि तो वेब पानावर ठेवायचा. हाच प्रोग्रॅम पुढे एमआरटीजी म्हणून जगभर पसरला. आज याच कामासाठी मी लिब्रेएनएमएस बसवते, कुणी झॅबिक्स बसवतं, कुणी कॅक्टाय. पण ब्राउझर उघडावा आणि नेटवर्कची तब्येत डोळ्यांनी बघावी, ही सोय त्याच धडपडीतून आली.

महाविद्यालयं, रुग्णालयं, छोटे कारखाने यांची नेटवर्कं उभी करणं हा माझा व्यवसाय, आणि त्यांच्या देखरेखीचं सॉफ्टवेअर लावून देणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. नवीन इंजिनिअरांना मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगते. वेब इंटरफेस उघडला, म्हणजे काम झालं असं नाही. पडद्यावर दिसतं ते खरं आहे का, याची खातरी होईपर्यंत काम अर्धवटच असतं. नुसतं बसवणं एका दुपारचं काम आहे. लिनक्सचा सर्व्हर, एनजिनएक्स, पीएचपी, मारियाडीबी, मग ब्राउझरमधून चालणारा इन्स्टॉलर. ‘५०२ बॅड गेटवे’ दिसलं, तर बहुतेक वेळा पीएचपीची सेवा बंद असते, नाहीतर एनजिनएक्सला तिच्या सॉकेटचा चुकीचा पत्ता दिलेला असतो. लॉग वाचला की कळतं. फक्त एक सवय मला मनापासून खटकते: पान उघडत नाही म्हणून सगळ्या फोल्डरांना सरसकट ७७७ परवानगी देऊन टाकायची. ज्या सर्व्हरवर साऱ्या स्विचांचे पासवर्ड साठवलेले आहेत, त्याची कुठलीही फाइल कुणालाही बदलता येणं म्हणजे सगळं नेटवर्कच उघडं टाकणं.

खरं-खोटं तपासायला मी घड्याळापासून सुरुवात करते. लिब्रेएनएमएस बसवताना पीएचपीच्या दोन सेटिंग फाइली असतात, एक वेब पानांसाठी आणि दुसरी कमांड लाइनवरून चालणाऱ्या कामांसाठी. दोन्हीकडे टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करावा लागतो, शिवाय सर्व्हरचाही तोच ठेवावा लागतो. एक जरी राहिला, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. पहाटे अडीचला पडलेली लिंक मग एका ठिकाणी अडीचला पडलेली दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी आदल्या रात्री नऊला. तारीखच बदलल्यामुळे सकाळी चौकशीला बसलेली माणसं चुकीच्या पाळीच्या सुरक्षारक्षकाला जाब विचारतात. स्विचांचंही तसंच. वीज गेली की काही जुन्या स्विचांचं घड्याळ थेट गेल्या शतकात जाऊन बसतं. म्हणून आधी प्रत्येक स्विच एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने सर्व्हरच्या वेळेशी जुळवून घ्यायचा आणि मगच तो यादीत टाकायचा.

त्यानंतरचा मुद्दा आकड्यांचा. हे सॉफ्टवेअर स्विचशी बोलतं ते प्रामुख्याने एसएनएमपी या प्रोटोकॉलमधून, ज्याचा पहिला मसुदा १९८८ सालचा आहे. पोर्टमधून ‘या क्षणी किती डेटा वाहतोय’ हे स्विच सांगत नाही. ‘आजवर एकूण किती बाइट गेले’ एवढाच वाढता आकडा तो देतो. पाच मिनिटांपूर्वीचा आकडा आत्ताच्या आकड्यातून वजा करायचा, ३०० सेकंदांनी भागायचं, की वेग मिळतो. मूळ काउंटर ३२ बिटांचा होता. तो ४ अब्ज २९ कोटींच्या थोडा पुढे गेला की पुन्हा शून्यावर येतो. १० मेगाबिटच्या लाइनवर त्याला जवळजवळ तास लागायचा, त्यामुळे तेव्हा काही बिघडत नव्हतं. १०० मेगाबिटवर मात्र तो पावणेसहा मिनिटांच्या आत भरतो आणि एक गिगाबिटवर अवघ्या ३४ सेकंदांत. म्हणजे भरून वाहणाऱ्या गिगाबिट पोर्टचा काउंटर दोन मोजण्यांच्या मध्ये आठ-नऊ वेळा शून्यावर येऊन जातो, आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. ग्राफ तरीही सुबक येतो! लिंक ओसंडत असते आणि पडद्यावर ती निवांत दिसते. उपाय आहे ६४ बिटांचा काउंटर, पण तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळतच नाही. स्विच जोडताना किमान दुसरी आवृत्ती निवडावी लागते. मी तर जमेल तिथे तिसरीच निवडते, कारण तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही आणि मजकूरही सांकेतिक रूपात पाठवता येतो. दुसऱ्या आवृत्तीत ‘पब्लिक’ हा सर्वांना ठाऊक असलेला परवलीचा शब्द तसाच ठेवलेले स्विच अजूनही सापडतात.

जुन्या ग्राफांबद्दलही सांगायला हवं. हे आकडे साठवणारं आरआरडीटूल हेही ओटिकर यांचंच काम, १९९९ सालचं. त्याची फाइल कधीच वाढत नाही, कारण जुने आकडे ते सरासरी काढून दाटीने बसवतं. कल्पना सुंदर आहे, पण तिची किंमत ठाऊक असायला हवी. समजा, निकालाच्या दिवशी महाविद्यालयाची लिंक वीस मिनिटं पूर्ण भरली आणि पुढची शंभर मिनिटं दहा टक्क्यांवर राहिली. काही आठवड्यांनी तोच काळ दोन तासांच्या सरासरीत दिसेल, तेव्हा पडद्यावर असेल २५ टक्के. संस्थाचालक तो ग्राफ बघून म्हणणार, पाऊण लाइन तर रिकामीच आहे, वाढवायची कशाला? म्हणून सरासरीबरोबर कमाल आकडाही साठवायचा आणि अहवालात तो दाखवायचा. विद्यार्थ्यांना निकालाच्या दिवशी जो त्रास झाला, तो कागदावर उमटायलाच हवा.

अलर्टवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. रस्ता खोदताना फायबर तुटली की तिच्या पलीकडच्या इमारतीतले सगळे स्विच एकदम ‘डाउन’ होतात आणि ड्यूटीवरच्या मुलाच्या फोनवर मेसेजांचा पूर येतो. त्यात तुटलेल्या लिंकचा एक मेसेज शोधायचा कसा? यासाठी कुठला स्विच कुणाच्या मागे आहे ते सॉफ्टवेअरला आधीच सांगून ठेवायचं. मग पुढचा पडला असताना मागच्यांबद्दल ते ओरडत नाही. आणि अलर्ट बाहेर पडायची वाट निराळी हवी. इंटरनेटची लाइनच गेली, तर ती गेल्याचा ईमेल तिच्यावरून जाणार कसा? रुग्णालयांमध्ये मी सिम कार्ड घातलेला जीएसएम मोडेम लावायचा आग्रह धरते.

देखरेखीचं हे वेब पान कुणाला दिसावं, याबद्दलही मी कडक आहे. पाहणाऱ्यांना फक्त पाहण्याचे अधिकार, बदलणाऱ्यांची संख्या मोजकी, आणि इंटरनेटवरून थेट कुणालाच प्रवेश नाही. बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून. डिसेंबर २०२२ मध्ये कॅक्टायमधली एक त्रुटी जाहीर झाली. विनंती कुठल्या पत्त्यावरून आली हे कॅक्टायचा एक भाग विनंतीसोबत आलेल्या हेडरवरून ठरवत होता, आणि हेडरमध्ये काहीही लिहिता येतं. त्यामुळे लॉगिन न करताही सर्व्हरवर हव्या त्या कमांड चालवता येत होत्या. तीव्रतेच्या दहापैकी ९.८ गुण मिळालेली ही त्रुटी दुरुस्त करणारी आवृत्ती आली, पण जानेवारी २०२३ मध्ये उघड्यावरच्या सर्व्हरांवर हल्ले सुरू झालेच. ज्यांचं पान आतल्या नेटवर्कपुरतं होतं, त्यांना अपडेट करायला निदान उसंत मिळाली.

सुपूर्द करण्याआधी मी एक चाचणी घेते. आकडे गोळा करणारी पोलर सेवा मुद्दाम बंद करते आणि ग्राहकाच्या माणसाला पडद्यासमोर बसवते. वेब पान सुरूच राहतं, कारण ते दाखवतं डेटाबेसमधली शेवटची नोंद. सगळे दिवे हिरवे. मग त्याला स्विचची केबल काढायला सांगते. दिवे हिरवेच. ‘शेवटचं पोलिंग कधी झालं’ ही वेळ पानावर कुठे दिसते, ते त्याला त्या दिवशी कळतं. त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या इमारतीत एक छोटा संगणक बसवतो. ती वेळ पंधरा मिनिटांहून जुनी झाली, तर कळवायचं, एवढंच त्याचं काम.